कोणताही मजला चालेल

घरं वाटणाऱ्या ऑफिसातल्या बाबूनं माझ्या मुलीला फसवलं. तळमजल्यावरचं जे घर नियमानं तिला मिळायला पाहिजे होतं, ते त्यानं दुसऱ्याच्या नावावर जाऊ दिलं आणि आमच्या हातात तिसऱ्या मजल्याची चिठ्ठी ठेवली. माझी मुलगी एक पायरी चढू शकत नाही, हे त्याला माहीत होतं. ऑफिस कोणतं ते मी लिहीत नाही. ज्याला समजायचं त्याला समजेल.

आमच्या वस्तीतल्या बायांना या गोष्टीची थोडी गंमतच वाटली. "तू फसली? तू?" असं त्या मला विचारत होत्या. कारण इकडे मध्य प्रदेशात, बालाघाटात मला भावात फसवणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे, असं माझ्याबद्दल बोललं जातं, आणि ते फारसं खोटं नाही.

मी जुन्या कपड्यांवर भांडी देते. लग्न होऊन गोंदियाकडून इकडे आले तेव्हा नवरा राइस मिलमध्ये पोती उचलत होता, अजूनही उचलतो. मिल वर्षभर चालत नाही. मी दहावीपर्यंत शिकलेली, पण त्या दहावीचं इथे कुणाला काही नव्हतं. शाळा मराठी आणि इथला सगळा कारभार हिंदी. मग चुलतसासूची एक फुटकी टोपली मागून आणली, तिला तारेनं बांधलं आणि सहा स्टीलच्या वाट्या घेऊन घरोघर फिरले. आता माझ्याकडे स्वतःची जुनी मोपेड आहे. पुढे टोपली, मागे कपड्यांचा गठ्ठा. किरनापूरच्या बाजारापासून हट्ट्यापर्यंत अशी गल्ली नाही जिथल्या बायांनी माझा आवाज ऐकला नाही.

या धंद्यात पहिली गोष्ट शिकावी लागते ती नजर. बाई आतून कपड्यांचा ढीग आणते. त्यात चार विटलेल्या पँट असतात आणि खाली एक चांगली जरीची साडी असते. नवखी भांडेवाली साडीकडे बघते आणि तिथेच मरते. मी पँट उचलते, तिची चेन वरखाली करते, पायांच्या कडा बघते, तोंड वाकडं करते. साडीला हात लावत नाही. बाई विचारते, "और ये साड़ी?" मी म्हणते, "रहने दो भाभी, इसको कौन लेगा?" मग ती स्वतःच साडी माझ्याकडे सरकवते. जे पाहिजे ते पाहिजे असं दाखवायचं नाही, म्हणजे त्याचा भाव वाढत नाही. आणि स्वतःजवळची सगळ्यात चांगली वस्तू टोपलीच्या तळाशी झाकून ठेवायची. सौदा अडला, बाई उठून आत जायला निघाली, की मग ती काढायची आणि ढिगावर ठेवायची. बहुतेक वेळा बाई परत बसते.

पंधरा वर्षं मी हेच केलं, आणि त्यावर घर चालवलं. म्हणून पुढे जे झालं ते झालं.

माझी मुलगी बारा वर्षांची आहे. जन्मली तेव्हा लगेच रडली नाही. दोन वर्षांची होऊनही बसेना, तेव्हा नागपूरला नेलं. डॉक्टरांनी सांगितलं, डोकं उत्तम आहे, पाय आणि डावा हात आखडलेले राहतील. तसंच झालं. बोलते हळू, एकेक शब्द तोंडात नीट बसवून. लोकांना धीर नसतो, ते तिचं वाक्य आधीच पुरं करतात, आणि ते जवळजवळ नेहमी चुकीचं असतं. मग ती पहिल्यापासून पुन्हा बोलते, मुद्दाम आणखी हळू. राग तिला माझ्याकडूनच आला आहे, फक्त ती तो माझ्यापेक्षा चांगला वापरते.

अपंगांच्या शिबिरात चाकाची खुर्ची मिळाली. सपाट जमिनीवर ती खुर्ची उजव्या हातानं स्वतः ढकलते. थोडी तिरपी जाते, पण जाते. अडचण आमच्या खोलीची. भाड्याची खोली, रस्त्यापासून तीन पायऱ्या वर. उतार बांधू द्या म्हणून मी घरमालकाच्या मागे लागले. नाली बुजेल म्हणून तो ऐकेना. म्हणजे बाहेर जायचं तर कुणीतरी तिला उचलायचं, मग खुर्ची उतरवायची, मग तिला खुर्चीत ठेवायचं. लहान होती तोवर कुणाला काही वाटलं नाही, तिलाही नाही. मागच्या वर्षी मी फेरीवर असताना शेजारच्या एका भाऊंनी चांगुलपणानं तिला उचलून खाली ठेवलं.  संध्याकाळी मी भाकरी थापत असताना ती म्हणाली, "मम्मी, आता मले कोणी उचलू नका."

"बाबानं पण नाही?"

"बाबानं पण नाही. मी मोठी झाली."

मी पीठ मळत राहिले.  माझ्या कमरेत चमक भरते, तिचं वजन वाढत जाणार, आणि मी दिवसभर बाहेर. तिला उचलायचं नाही तर तिनं त्या दारात बसून राहायचं, एवढाच त्याचा अर्थ होता.

त्याच सुमाराला घरकुलाच्या इमारतींची गोष्ट कानावर आली. शहराच्या कडेला, चार-चार मजल्यांच्या, गरिबांसाठी. मी एका दुपारी मोपेड तिकडे वळवली. तळमजल्याचं दार थेट फरशीच्या अंगणाला लागून होतं, मध्ये उंबरठासुद्धा नव्हता. मी तिथे उभी राहून मनात तिची खुर्ची आतून बाहेर नेऊन बघितली. गेली. घरी येऊन सांगितलं तर तिनं एवढंच विचारलं, "दार बाहेर उघडते की आत?"

"आत."

"मग जमते," ती म्हणाली.

त्या दिवसापासून आमच्या घरात त्या दाराची वाट बघणं सुरू झालं. नियमही आमच्या बाजूनं होता. घरात अपंग माणूस असेल तर तळमजला आधी त्याला. हे ऑफिसच्या भिंतीवर लिहिलेलंच होतं. मी स्वतः वाचलं.

कागद जमवायला चार महिने गेले. राशन कार्ड, आधार, नावावर पक्कं घर नाही याचा कागद, उत्पन्नाचा कागद, आणि मुलीचा दाखला, ज्यासाठी तिला मोठ्या दवाखान्यात तीनदा नेलं. तीनदा उचलून. तिसऱ्या वेळी डॉक्टर बसले होते. त्यांनी दाखला दिला, त्यावर तिचा फोटो, खाली शिक्का. तो मी प्लास्टिकच्या पिशवीत घालून, पिशवी दुसऱ्या पिशवीत घालून, माझ्या हातपिशवीच्या अगदी तळाशी ठेवला.

आता माझी चूक सांगते. ती मी लपवत नाही.

खिडकीवर एक बाबू होता. पातळ मिशी, स्वच्छ शर्ट, खिशात दोन पेन. रांगेत माझ्या पुढे एक बाई होती. तिनं हात जोडून सांगितलं, "साहब, नीचे का ही दे दो, सास को दमा है." बाबूनं मान वर केली, तिच्याकडे असं बघितलं की मला ती नजर लगेच ओळखू आली. ती माझीच नजर होती. समोरच्या बाईचा जीव माझ्या भांड्यावर आला, हे कळल्यावरची. "नीचे का तो सबको चाहिए, बाई," तो म्हणाला. "देखना पड़ेगा." आणि तिचा फॉर्म बाजूला ठेवला.

माझी पाळी आली. त्यानं सगळं विचारलं, लिहिलं. मग म्हणाला, "मंज़िल? कौन सी चाहिए?"

मी खिडकीबाहेरच्या झाडाकडे बघत म्हणाले, "कोई भी चलेगी."

मला वाटलं, मी फार हुशारी केली. भाव वाढू दिला नाही. फॉर्म आत जाईल, आणि वेळ आली की पिशवीच्या तळातून दाखला काढून टेबलावर ठेवीन, मग बघू कोण नाही म्हणतो. त्यानं लिहिलं, कागद माझ्याकडे वळवला, मी सही केली. मराठीत सही करते मी, पूर्ण नाव.

ऑफिस म्हणजे कपड्यांचा ढीग नव्हे, हे मला तेव्हा कळलं नाही. सौद्यात शेवटचं बोललेलं खरं धरतात. कागदात पहिलं लिहिलेलं.

घरी नवऱ्याला सांगितलं. तो मिलमधून आलेला, केसांत भाताचा कोंडा, पाय धूत होता. तो कधी जास्त बोलत नाही, पण त्या दिवशी बोलला. "दाखला आजच काहून नाई देला वो?"

"तुम्हाले सौद्यातलं काय समजते?"

"नाई समजत," तो म्हणाला. "पन पोरीचे पाय म्हंजे सौदा होय का?"

मी त्याच्यावर ओरडले. शेजारी ऐकायला आले इतकी ओरडले. आणि दुसऱ्या सोमवारी दाखला घेऊन ऑफिसात गेले.

यापुढचं मात्र बाबूचं पाप आहे, माझं नाही. मी दाखल्याची झेरॉक्स त्याच्या हातात दिली, मूळ कागद दाखवला. त्यानं तो नीट वाचला, फोटोवर बोट ठेवलं, "बिटिया है?" विचारलं. मी हो म्हटलं. "चल नहीं पाती?" मी म्हटलं, नाही. मग तो म्हणाला, "ठीक है, फ़ाइल में लगा दूँगा. नीचे वाले में आपका पहला हक़ है." हे त्याचे शब्द. मी पावती मागितली. "अरे बाई, झेरॉक्स की कौन सी पावती? बैठा तो हूँ यहाँ."

मी साडी मांडीवर आल्याशिवाय वाटी हातातून सोडत नाही. त्या दिवशी सोडली. त्यानं "बिटिया" म्हटलं म्हणून सोडली, दुसरं काही कारण नाही.

चिठ्ठ्या एका मोठ्या हॉलमध्ये निघाल्या. मांडव, खुर्च्या, माइक. आम्ही तिघं गेलो होतो. मुलीनं स्वतः निवडून पिवळा फ्रॉक घातला होता. अपंगांची यादी आधी वाचली. आमचं नाव आलं नाही. मला वाटलं, पुढच्या पानावर असेल. मग सगळ्यांच्या चिठ्ठ्या सुरू झाल्या आणि त्यात आमचं नाव आलं. तिसरा मजला. आजूबाजूचे लोक टाळ्या वाजवत होते, कारण सगळ्यांसाठीच वाजवत होते. मुलीनं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, चूक झाली असेल, बोलते मी.  तिनं उजव्या हातानं खुर्ची वळवली आणि ती दाराकडे निघाली, तिरपी, लोकांच्या पायांना लागत.

चार-पाच दिवसांनी आम्ही इमारत बघायला गेलो. नवरा वर जाऊन आला. "हवा चांगली हाये," एवढंच म्हणाला. मी आणि मुलगी खालीच होतो. तळमजल्याच्या पहिल्या घराच्या भिंतीला एवढ्यातच मोठं भगदाड पाडून शटर बसवलं होतं. चिप्सच्या पुड्यांच्या माळा, गुटख्याच्या माळा, बिस्किटं, साबण. आत एक तरुण माणूस गल्ल्यावर, मागे खाटेवर त्याचा म्हातारा बाप.

दुकानदार गोड बोलला. "आओ भाभी. घर देखने आए हो?"

मी विचारलं, "ये किसके नाम पे निकला?"

"पिताजी के. कान से नहीं सुनते ना, विकलांग कोटे में मिला." मग आवाज चढवून दाखवलं, "बिल्कुल नहीं सुनते!"

तेवढ्यात त्याला फोन आला आणि तो बाहेर गेला. मुलीनं खुर्ची गल्ल्याला लावली. तिथे पायरी नव्हती, तिची खुर्ची अगदी बरोबर जाऊन लागली. ती तिच्या नेहमीच्या आवाजात, म्हणजे कुजबुजण्याच्या थोडं वर, म्हणाली, "दादाजी, एक बिस्किट."

खाटेवरून म्हातारा म्हणाला, "नमकीन कि मीठा?"

मुलीनं माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे. म्हाताऱ्यानं उठून पुडा दिला, तिच्या डोक्यावर हातही ठेवला. घरी येईस्तोवर ती हसत होती, मध्येच थांबून "नमकीन कि मीठा" म्हणायची आणि पुन्हा हसायची. नवराही हसला. मी हसले नाही. त्या म्हाताऱ्याशी माझं भांडण नाही. पण त्या दाराशी माझ्या पोरीची खुर्ची गिऱ्हाईक म्हणून लागली, हे मला अजून पचलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी मुलीला घेऊनच ऑफिसात गेले. बाबूला खिडकीतूनच धरलं. काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. "पेन दोन लावतोस आणि एक कागद सांभाळता येत नाही?" हे त्यातलं सगळ्यात सभ्य. मराठीत बोलले, हिंदीत बोलले, सगळं ऑफिस उभं राहिलं. शेवटी मोठ्या साहेबांनी आत बोलावलं. शांत माणूस. त्यांनी फाइल मागवली, एकेक पान उलटलं. दाखला नव्हता. बाबू दारात उभा राहून म्हणाला, "सर, इन्होंने दिया ही नहीं. ये देखिए." आणि त्यानं पान काढून दाखवलं. आवेदक को कोई भी मंज़िल स्वीकार है. खाली माझी सही, मराठीत, पूर्ण नाव.

साहेब माझ्याकडे बघत राहिले. मुलीनं मान पुढे करून ते पान वाचलं. हिंदी ती माझ्यापेक्षा चांगलं वाचते.

"मम्मी," ती म्हणाली, "तू असं म्हतलं होतं?"

खोटं बोलायला मला कधी फार कष्ट पडले नाहीत, धंदाच तसा. पण तिथे जमलं नाही. "हौ," मी म्हटलं. "म्हतलं होतं."

"काहून?"

"भाव वाढवतील म्हणून. मले वाटलं, आपल्याले पाहिजे हे दाखवायचं नाही."

 ती म्हणाली, "मले तं पाहिजे होतं ना." तिच्या आवाजात रागही नव्हता. नंतर ती साहेबांकडे वळली. साहेबांनी "बेटा, तुमको..." म्हणून तिचं वाक्य पुरं करायला सुरुवात केली, तर तिनं हात वर केला आणि त्यांना थांबवलं. "सर, मुझे अपने दरवाज़े से अपने आप बाहर जाना है. कोई उठाए नहीं. बस." हे बोलायला तिला बराच वेळ लागला. खोलीत कुणी हललं नाही. बाबूही नाही.

मी पंधरा वर्षांत असा सौदा बघितला नव्हता. जे पाहिजे ते पहिल्या वाक्यात, पूर्ण, काही न झाकता.

साहेब म्हणाले, लिखित आवेदन द्या. मी बाहेरच्या बाकावर बसले आणि लिहिलं. मुलीनं सांगितलं, मी उतरवलं, तिनं माझं हिंदी दुरुस्त केलं. "मेरी माँ से गलती हुई" हे वाक्यही तिनंच घातलं. मी काढायला निघाले तर म्हणाली, राहू दे. मग खाली लिहिलं की दाखला अमुक खिडकीवर अमुक बाबूच्या हातात दिला होता आणि त्यानं तो लावतो म्हणून सांगितलं होतं. या वेळी आवक खिडकीवरून शिक्का मारून पावती मिळेपर्यंत मी हलले नाही. बाबू जेवायला गेला, परत आला, मी तिथेच होते.

त्याला आता सात महिने झाले. मी सतरा वेळा विचारायला गेले. "विचाराधीन है" असं सांगतात. बाबू अजून त्याच खिडकीवर बसतो, मला बघून फाइलीत डोकं घालतो. मधल्या काळात तिसऱ्या मजल्याचा ताबा घ्या नाहीतर घर रद्द होईल, अशी नोटीस आली. नवरा म्हणाला, "घेऊन टाक. वरचं भाड्यानं देऊ, त्यात खालची एक खोली पाहू." शहाणपणाचं बोलला. पण ते घर भाड्यानं देणं नियमात बसत नाही, आणि ते केलं तर शटरवाल्याला बोलायला माझं तोंड राहणार नाही. मुलीला विचारलं. या वेळी आधी तिला विचारलं. ती म्हणाली, "वर गेली तं मी खाली कधी येईन?" आम्ही ताबा घेतला नाही. नोटिशीची मुदत या महिनाअखेरीस संपते. मग तिसरा मजलाही गेला, आणि सगळं पुन्हा पहिल्या कागदापासून.

"कोई भी चलेगी" हे मी म्हटलं, त्याचं उत्तर मी माझ्या मुलीला दिलं आहे, तिच्या तोंडावर, परक्या लोकांसमोर. ते देताना मला काय झालं ते माझं मी जाणते. माझ्या वाटणीचं उत्तर संपलं. आता उरलेलं ज्यांचं आहे त्यांनी द्यावं. बाबू, माझ्या हातून घेतलेला दाखला तू कुठे टाकलास? शटर बसवलेल्या घराची तपासणी कोणी केली, आणि त्याला काय दिसलं? आणि साहेब, तुम्ही तिचं बोलणं शेवटपर्यंत ऐकलंत, म्हणून तुम्हाला विचारते: तिच्या अर्जावर तुम्ही काय लिहिलंत? मला तोंडी नको. तिच्या नावानं, लिहून, सही-शिक्क्यासह द्या. मुदत संपायच्या आत द्या.